चॅपमन स्टिक : दोन्ही हातांना सारखं काम देणारं वाद्य आणि ते शिकण्याची रीत



गिटार वाजवणाऱ्या माणसाचे हात आठवून पाहा. डावा हात तार दाबतो, उजवा हात तार छेडतो. सूर कोणता हे डावा ठरवतो आणि तो वाजवतो उजवा. म्हणजे एका सुरासाठी दोन हात गुंतले. आता आपली पेटी घ्या. परिपाठाला आपल्यापैकी बरेच जण वाजवतो. तिथे उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर फिरतात आणि डावा हात भाता मारत बसतो. सतारीतही दोन हात मिळून एकच काम करतात.

समजा, तार दाबली की ती आपोआप वाजते, छेडायची गरजच नाही, तर? मग उजवा हात मोकळा झाला. तोही दुसरीकडे तार दाबू शकतो. एका माणसाकडे एकदम दोन वादक आले! डावा हात खर्जातली साथ देतोय आणि उजवा हात वर गाणं वाजवतोय. ही कल्पना प्रत्यक्षात आणणारं एक वाद्य आहे. त्याचं नाव चॅपमन स्टिक. आज त्याचीच ओळख करून घेऊ. पण माझा खरा रस वाद्यापेक्षा ते शिकण्याच्या प्रक्रियेत आहे. एखादी अवघड गोष्ट कशी फोडून शिकवायची, हे या वाद्याच्या निमित्ताने फार स्वच्छ दिसतं.

आधी पद्धत, मग वाद्य

एमेट चॅपमन हा अमेरिकेतला जाझ गिटारवादक. जन्म १९३६ चा. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसला राहायचा. ऑगस्ट १९६९ मध्ये, म्हणजे वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, स्वतःच बनवलेली जास्त तारांची गिटार वाजवताना त्याने एक गोष्ट करून पाहिली. गिटारची मान त्याने जवळजवळ उभी केली आणि उजवा हात दुसऱ्या बाजूने आणून मानेवर आडवा ठेवला. आता डावा हात एका बाजूने आणि उजवा हात दुसऱ्या बाजूने मानेवर आला, आणि दोन्ही हातांची बोटं पडद्यांना समांतर झाली. (गिटारवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात ना, त्यांना गिटारवाले फ्रेट म्हणतात. सतारीच्या ओळखीमुळे मी इथे पडदे हाच शब्द वापरते.)

तारेवर बोट आपटून सूर काढणं त्याच्या आधीही लोकांना माहीत होतं. १९५० च्या दशकात जिमी वेबस्टर नावाच्या गिटारवादकाने त्यावर पुस्तकसुद्धा काढलं होतं. पुढे १९७८ मध्ये एडी व्हॅन हेलनने अशाच युक्तीने रॉकच्या जगात धमाल उडवली. मग चॅपमनने नवीन काय केलं? त्याने उजव्या हाताची दिशा बदलली. बोटं पडद्यांना समांतर आल्यामुळे उजव्या हाताच्या चारही बोटांना डाव्या हाताइतकीच मोकळीक मिळाली. हाताची फक्त बसण्याची रीत बदलली आणि एका गौण हाताचं पूर्ण हातात रूपांतर झालं! मला ही गोष्ट फार मोठी वाटते. वर्गात एखादं मूल मागे पडतं तेव्हा आपण ‘त्याला जमत नाही’ म्हणतो. त्याची बसण्याची जागा, पेन्सिलची पकड, वहीचा कोन हे किती वेळा बदलून पाहतो?

रीत सापडली, पण तिला साजेसं वाद्य नव्हतं. गिटारचं पोट मध्ये येत होतं, तारा उंच होत्या. म्हणून १९७० मध्ये त्याने पोट काढूनच टाकलं. उरली नुसती मान, म्हणजे एक लांब फळी. म्हणून नाव ‘स्टिक’, काठी. १९७४ पासून ही वाद्यं विकायला लागली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ या टीव्ही कार्यक्रमात चॅपमन ती घेऊन गेला होता. पाहुण्याचा व्यवसाय काय हे ओळखायचा तो कार्यक्रम. १९७६ मध्ये त्याचं शिकवणीचं पुस्तक आलं, ‘फ्री हॅन्ड्स’, म्हणजे मोकळे हात. २०२१ मध्ये तो गेला.

हा क्रम लक्षात घ्या बरं का. आधी पद्धत, मग तिच्यासाठी साधन. आपल्याकडे बऱ्याचदा उलट असतं. शाळेत साहित्याची पेटी येते आणि मग आपण विचारतो, याचं करायचं काय?

वाद्य दिसतं कसं, वाजतं कसं

नेहमीच्या स्टिकला दहा तारा असतात. बारा तारांचीही मिळते. ती अंगावर उभी, किंचित तिरकी असते. खालून एक हूक कमरेच्या पट्ट्यात अडकतो आणि वर एक पट्टा खांद्यावरून जातो. त्यामुळे वाद्य धरून ठेवायला हात लागत नाही. हा तपशील साधा वाटेल, पण सगळं यावरच उभं आहे. एक हात वाद्य सावरण्यात अडकला असता तर दोन हात मोकळे कुठून मिळाले असते?

दहापैकी पाच तारा सुरावटीच्या आणि पाच खर्जाच्या. गंमत म्हणजे सगळ्यात जाड तारा मध्यभागी असतात. मधून एका कडेला जावं तशा सुरावटीच्या तारा बारीक होत जातात आणि मधून दुसऱ्या कडेला खर्जाच्या तारा बारीक होत जातात. रूढ रीतीत उजवा हात सुरावट वाजवतो आणि डावा हात खर्ज.

बोट तारेवर पडद्याच्या अगदी जवळ, मागच्या बाजूला आपटायचं. तार पडद्यावर टेकते आणि पडद्यापासून खालच्या टोकापर्यंतचा भाग कंप पावतो. बोटाच्या वरचा तुकडाही थरथरतो, पण वरच्या टोकाला तारा दाबून ठेवणारी मऊ पट्टी असते, ती त्याला गप्प करते. हा आवाज मुळात बारीक असतो, म्हणून वाद्य विजेवर चालतं, स्पीकर लागतो. खर्जाचा आणि सुरावटीचा आवाज वेगवेगळा बाहेर काढता येतो.

आता शिकण्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं : बोट दाबलेलं आहे तोवरच सूर जिवंत आहे. बोट उचललं की सूर संपला. पियानोच्या आधी युरोपात क्लॅव्हिकॉर्ड नावाचं छोटं वाद्य होतं. त्यातही पट्टी दाबली की धातूचा तुकडा तारेला लागतो आणि पट्टी सोडेपर्यंत तिथेच टेकून राहतो. स्टिकमध्ये तो धातूचा तुकडा म्हणजे आपलं बोट. मध्ये दुसरं काही नाही. म्हणूनच बोट कसं पडलं हे लगेच ऐकू येतं. सावकाश पडलं तर सूर मिणमिणतो, झटकन पडलं तर खणखणीत येतो. जोर लावायची गरज नसते, वेग लागतो. तारा पडद्यांच्या इतक्या जवळ असतात की हलकं टिचकीसारखं बोट पुरतं. गिटारवरून आलेला माणूस सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी जास्त दाबतो. मग बोटं दुखतात आणि त्याला वाटतं की वाद्यच अवघड आहे.

पहिला धडा : बोट उचलणं

आपल्याला वाटेल, पहिला धडा बोट आपटण्याचा असेल. तो पाच मिनिटांत येतो. वेळ लागतो तो उचलण्याला. बोट सरळ वर उचललं तर सूर शांतपणे थांबतो. जरा तिरकं ओढलं गेलं तर तार छेडली जाते आणि नको असलेला आवाज येतो. गिटारवाल्याच्या बोटांना तर ओढायचीच सवय. त्यात दोन सूर जोडायचे असतील तर पुढचं बोट पडेपर्यंत आधीचं तिथेच राहायला हवं. ते लवकर उचललं तर मध्ये भोक पडतं, उशिरा उचललं तर दोन सूर एकमेकांवर चढतात.

म्हणून सुरुवातीला एका हाताने, एका तारेवर, चार बोटांनी चार सूर : पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं, आणि परत. घाई नाही. करंगळीचा सूर बाकीच्यांपेक्षा दुबळा येतो, तो इतरांच्या बरोबरीने येईपर्यंत तेवढंच. मग दुसऱ्या हाताने तेच. दोन्ही हात एकत्र अजून नाहीत.

आपल्या पहिलीच्या वर्गात अक्षर गिरवतानाही हेच आहे, नाही का? रेघ सुरू करायला आपण शिकवतो, रेघ कुठे थांबवायची ते शिकवायचं राहून जातं. मग ‘ग’चा काना खालच्या ओळीत उतरतो.

सरगम हाताला कशी सापडते

हा भाग पेटी वाजवणाऱ्यांनी जरूर वाचावा. बाकीच्यांनी हवं तर सोडून पुढे जावं.

पेटीवर ‘सा’ बदलला की बोटांची सगळी आखणी बदलते. पांढरी एक मध्ये बसलेलं गाणं काळी दोनमध्ये वाजवायचं म्हटलं की नव्याने बसवावं लागतं. सातवीच्या मुलांचा आवाज पहिलीच्या मुलांच्या स्वरात बसत नाही, आणि परिपाठाला पेटी वाजवणाऱ्या बाईंची पंचाईत होते, हे मी अनुभवाने सांगते.

स्टिकवर सुरावटीच्या पाचही तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. एका तारेवर ज्या पडद्यावर ‘सा’ आहे, त्याच पडद्यावर शेजारच्या बारीक तारेवर ‘म’ मिळतो. आता बघा. पहिल्या तारेवर एका पडद्यावर सा, दोन पडदे पुढे रे, आणखी दोन पडदे पुढे ग. मग शेजारच्या तारेवर परत मूळ पडद्यावर यायचं : म, दोन पुढे प, आणखी दोन पुढे ध. सारेग आणि मपध यांचा हाताला जाणवणारा आकार अगदी एक! तिसऱ्या तारेवर त्याच मूळ पडद्यावर कोमल नी, एक पडदा पुढे शुद्ध नी आणि त्याच्या पुढचा वरचा सा. झालं सप्तक.

‘सा’ बदलायचा? हात उचला आणि दुसरीकडे ठेवा. बोटांची आखणी तीच. गिटारवरही साधारण असंच असतं, पण तिथे सहा तारांमध्ये एका ठिकाणी हे अंतर बदलतं आणि आकार मोडतो. स्टिकवर अपवादच नाही. खुणांचे ठिपकेसुद्धा दर पाच पडद्यांवर असतात, कारण पाच पडदे म्हणजे सा ते म.

खर्जाच्या बाजूला वेगळी सोय आहे. तिथे शेजारशेजारच्या तारांमध्ये पंचमाचं अंतर आहे. एका पडद्यावर सा, त्याच पडद्यावर शेजारी प, त्याच्या शेजारी वरच्या सप्तकातला रे. तो रे दोन पडदे पुढे सरकवला की वरचा शुद्ध ग, एकच पडदा पुढे ठेवला की कोमल ग. सा, प आणि वरचा ग ही तीन बोटं एकत्र पडली की भरदार साथ तयार. त्यातलं एकच बोट एक पडदा मागे घेतलं की सगळा रंग उदास होतो. मुलांना शुद्ध आणि कोमल यातला फरक सांगायला याहून सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

खर्जात पंचम का? कारण अगदी खालचे सूर जवळजवळ वाजवले की गोंधळ ऐकू येतो, लांब लांब ठेवले की स्वच्छ येतात.

पण यामुळे शिकणाऱ्यापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. डाव्या हाताचा नकाशा वेगळा आणि उजव्या हाताचा वेगळा. तोच आकार दोन्हीकडे चालत नाही. शिवाय जाड तारा मध्यभागी असल्याने वरच्या सुराकडे जाताना दोन्ही हात एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात. डोक्यात हे धरून वाजवायला गेलं तर गाडी अडतेच. म्हणून प्रत्येक हाताला त्याचा नकाशा वेगळा, पूर्ण पाठ होईपर्यंत द्यावा लागतो.

जोडाक्षर कधी शिकवायचं?

आता मुख्य गोष्ट. दोन हात एकत्र कसे आणायचे?

आपल्या शरीराला दोन्ही हातांनी एकसारखं काम करणं आवडतं. टाळ्या, टाळ, लेझीम यांत दोन्ही हात मिळून एकच लय धरतात, म्हणून मुलांना ते पटकन जमतं. एका हाताने हवेत गोल आणि दुसऱ्याने सरळ रेघ काढायला सांगा. गोल चपटा होतो आणि रेघ वाकडी! सगळा वर्ग हसतो, मोठी माणसंही हसतात. कारण एका हाताची हालचाल दुसऱ्यात झिरपते. यात बुद्धी कमी-जास्त असण्याचा प्रश्न नाही. ते प्रत्येकाचं होतं.

स्टिक शिकणाऱ्याची कसोटी नेमकी हीच. डाव्या हाताने ठरावीक ठेका चालू आहे. उजव्या हाताने एक साधा सूर लावायला घेतला की डावा हात अडखळतो, किंवा उजव्याची नक्कल करायला लागतो. इथे बरेच जण सोडून देतात. ‘माझे हात असे नाहीतच’ असं म्हणतात.

यावरचा उपाय फार साधा आणि कंटाळवाणा आहे. डाव्या हाताचा एकच लहानसा ठेका घ्यायचा. तो इतका मुरवायचा की वाजवता वाजवता शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा मारताना ठेका मोडतोय तोवर उजवा हात मांडीवरच. मग उजव्या हाताचा एकच सूर, समेवर. तेवढाच. तो स्थिर झाला की तिसऱ्या मात्रेवर. मग दोन मात्रांच्या मध्ये. शेवटी दोन सूर, तीन सूर, अर्धी ओळ.

आपण जोडाक्षरं शिकवतो तेव्हा काय करतो? ‘स्त’ शिकवण्याआधी स आणि त पक्के असावे लागतात. ज्या मुलाचा ‘त’ अजून डळमळतोय त्याला ‘पुस्तक’ वाचायला दिलं तर तो अख्खा शब्दच टाळतो. तो आळशी नसतो. त्याच्याकडे सुटे भाग नसतात. पण याला दुसरी बाजूही आहे. सुटं स आणि सुटं त कितीही पक्कं केलं तरी ‘स्त’ आपोआप येत नाही. स्त हा स्वतःचा एक आवाज आहे, तो तोंडाला वेगळा द्यावा लागतो. दोन हातांचंही तसंच. डावा पक्का आणि उजवा पक्का एवढ्याने काम भागत नाही. त्यांची जोडी हा तिसरा धडा असतो.

या बाबतीत आपला तबला फार पुढे आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तबल्यात उजव्या हाताचा ‘ना’ आणि डाव्या हाताचा ‘गे’ एकदम वाजले की आपण त्याला ‘ना अधिक गे’ म्हणत नाही. त्याला नाव दिलंय : धा. ‘तिं’ आणि ‘गे’ एकत्र आले की धिं. जोडीला स्वतःचं नाव मिळालं की ती एक वस्तू होते. मूल आधी तोंडाने बोल म्हणतं, पढंत करतं, आणि मग हात त्या बोलांच्या मागे जातात. तोंड एकच असल्यामुळे दोन हातांचं भांडण तिथे होत नाही. स्टिकला अशी बोलांची भाषा नाही, पण आपली उसनी द्यायला काय हरकत आहे!

करून पाहा. सहा मात्रा मोजा. उजव्या हाताने टेबलावर पहिली, तिसरी आणि पाचवी मात्रा द्यायची. डाव्या हाताने पहिली आणि चौथी. म्हणजे डाव्याचे दोन ठोके होतात तेवढ्या वेळात उजव्याचे तीन. मोजून करायला गेलात तर डोकं फिरेल. आता हात बाजूला ठेवा आणि नुसतं म्हणा : धा ऽ ना गे ना ऽ, धा ऽ ना गे ना ऽ. धा म्हणजे दोन्ही हात, ना म्हणजे उजवा, गे म्हणजे डावा. दहा-वीस वेळा म्हणून झालं की हात लावा. (हा दादऱ्याचा ठेका नाही बरं का, मात्रा सहा आहेत एवढंच.) माझ्या चौथीच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना हे एका तासिकेत आलं. मोजून शिकवलेलं कधीच इतक्या लवकर येत नाही.

डावा हात

आता थोडं बाजूचं, पण मला हेच सांगायचं होतं.

आपल्या भाषेतच डाव्या हाताला कमी लेखलंय. ‘डावं-उजवं करू नकोस’ म्हणतो. कमी प्रतीची गोष्ट ‘डावी’ ठरते आणि भरवशाचा माणूस ‘उजवा हात’ असतो. प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नाही. हे संस्कार आहेत, मी त्यांच्याशी भांडायला बसलेली नाही. प्रश्न लिहिण्याचा आहे.

दुसरीतल्या एका मुलीच्या वहीत दोन अक्षरं दिसतात. शाळेतला अभ्यास गोल, मोकळ्या अक्षरात. गृहपाठ तुटक, थरथरत्या अक्षरात. शाळेत ती डाव्या हाताने लिहिते, घरी आजी शेजारी बसून उजव्या हाताने लिहायला लावतात. आजींची माया कमी नाही. ‘उद्या सासरी कोण काय म्हणेल’ ही त्यांची काळजी आहे. पण मुलगी आता गृहपाठच टाळायला लागली आहे, आणि वर्गात फळ्यावर लिहायला बोलावलं की आधी कोणता हात पुढे करू म्हणून थांबते. ते थांबणं मला बघवत नाही.

पालकहो, कोणत्या हाताने लिहायचं हे मूल हट्टाने ठरवत नसतं. हाताची पसंती शाळेत येण्याआधीच दिसू लागते. हात बदलायला लावला की मुलाचं निम्मं लक्ष हातावर जातं. मग शुद्धलेखन, गणित यांसाठी किती उरणार? हे सांगायला स्टिकचं उदाहरण मला कामी येतं. तिथे डाव्या हाताला भात्याचं काम नाही. खर्ज, ताल, सगळा पाया त्याच्याकडे आहे. तो थांबला तर उजव्याची सुरावट हवेत लोंबकळते. आजींना मी मोबाईलवर असा एक व्हिडिओ दाखवला. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘याचा तर दोन्हीकडून चालतोय की.’ गृहपाठाचं अजून काही ठरलेलं नाही. पुढच्या पालकसभेला त्या येणार आहेत.

आपल्याकडे हे कुणी शिकावं का?

खरं सांगायचं तर मुलांना लगेच स्टिक आणून द्या असं मी म्हणणार नाही. वाद्य परदेशातून मागवावं लागतं, किंमत लाखाच्या वर जाते, स्पीकर वेगळा. जवळपास शिकवणारं कुणी मिळणं कठीण. जगभरातले वादकही बहुतेक पुस्तकावरून, व्हिडिओवरून आणि एकमेकांकडून शिकले आहेत. ग्रेग हॉवर्डसारख्या वादकाने त्यासाठी ‘द स्टिक बुक’ लिहिलं. ऐकायचं असेल तर टोनी लेव्हिनपासून सुरुवात करा. तो मुळात बास गिटारवाला. किंग क्रिमसन या बॅंडच्या १९८१ च्या ‘डिसिप्लिन’ या अल्बममध्ये ‘एलिफंट टॉक’ नावाचं गाणं आहे, त्यात त्याची स्टिक ऐकू येते. निळ्या रंगात रंगलेल्या टकलू कलाकारांचा ‘ब्लू मॅन ग्रुप’ मुलांना आवडेल. त्यांच्या कार्यक्रमात ही वाद्यं असतात. आणि एमेट चॅपमन स्वतः वाजवताना दिसतो ते जुने व्हिडिओ जरूर बघा. हात बघा, चेहरा नको!

घरात गिटार असेल तर मात्र या आठवड्यात एवढं करून बघता येईल. विजेवरची असेल तर उत्तम, साधी असली तरी आवाज बारीक येईल इतकंच. गिटार मांडीवर उताणी ठेवा, तारा वर. मानेच्या टोकाला, पहिल्या पडद्याच्या आधी, केसांचा जाड रबर किंवा मोजा सैलसर गुंडाळा म्हणजे मोकळ्या तारा गप्प बसतील. डाव्या हाताचं पहिलं बोट सगळ्यात जाड तारेवर, पाचव्या पडद्याच्या किंचित मागे, हलकेच पण झटकन टेकवा. सूर आला? तो तसाच धरून ठेवा आणि विरेपर्यंत ऐका. मग बोट सरळ वर उचला. दुसरा आवाज न येता तो थांबेपर्यंत हेच. त्यानंतर उजव्या हाताचं पहिलं बोट सगळ्यात बारीक तारेवर, बाराव्या पडद्याजवळ. आधी दोन्ही हात आळीपाळीने, मग धा ऽ ना गे ना ऽ म्हणत. मुलाला शेजारी बसवा आणि बोल त्याला म्हणू द्या. कोणत्या हाताला कोणती तार द्यायची हेही त्यालाच ठरवू द्या.